‘मुळे’, ‘कडून’ आणि ‘ने’ : साथीच्या परिभाषेचे नैतिक व्याकरण

१

साथीच्या रोगांची परिभाषा हा वैद्यकाचा आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचा विषय आहे, साहित्यसमीक्षेशी त्याचा संबंध असलाच तर तो रूपकांपुरता, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. कादंबरीतील प्लेग कशाचे प्रतीक आहे, कवितेतील क्षय कोणत्या अभिरुचीचा निदर्शक आहे, हे प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. परंतु ‘साथ’, ‘संसर्ग’, ‘लागण’, ‘वाहक’, ‘बाधित’ हे शब्द जेव्हा कोणत्याही अलंकरणाविना, निव्वळ माहिती देण्यासाठी योजिले जातात, तेव्हा ते नेमके काय करीत असतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तो प्रश्न रूपकांच्या प्रश्नाहून अधिक मूलगामी आहे. रूपक हे रूपक असल्याचे निदान ओळखता येते. पारिभाषिक संज्ञा मात्र निरपेक्षतेचा आव आणून आपला निवाडा देत असते.

सूझन सोंटॅग यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) आणि ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ (१९८९) या दोन पुस्तकांत रोगाभोवती रूपकांचे जे जाळे विणले जाते त्याची चिकित्सा केली. रोग म्हणजे रूपक नव्हे आणि रूपकविचारातून रोगाला जितके मुक्त करता येईल तितके रुग्णाचे हित साधेल, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका उदात्त आहे यात शंका नाही. तथापि तिच्यामागे एक गृहीतक आहे : आधी रोगाची स्वच्छ, निखळ भाषा असते आणि नंतर तिच्यावर रूपकांची पुटे चढतात. मराठीपुरते बोलायचे तर हा क्रम नेमका उलटा आहे. ‘संसर्ग’ हा शब्द आधी सहवासाचा, सत्संग-कुसंगाचा आणि धर्मशास्त्राचा होता. जंतुशास्त्राने तो पुढे उसना घेतला. पुटे खरवडून काढली तर खाली शुद्ध संज्ञा सापडेल, ही आशा म्हणूनच व्यर्थ आहे. शिवाय भाषेची ‘शुद्धी’ करण्याची कल्पना ही स्वतःच ज्या विचारव्यूहाची आपण चिकित्सा करू पाहतो त्याच विचारव्यूहातली आहे, हेही विसरता येत नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल : रोग एका माणसापासून दुसऱ्याकडे जातो ही घटना सांगताना प्रत्येक भाषेला कर्ता निवडावा लागतो आणि त्या निवडीतच कारण आणि दोष यांचे नाते ठरून जाते. मराठीला हे नाते सूक्ष्मपणे सांगण्याची सामग्री तिच्या विभक्तिप्रत्ययांत व शब्दयोगी अव्ययांत लाभली आहे. आपली आधुनिक परिभाषा ती सामग्री झपाट्याने गमावीत आहे. हे गमावणे केवळ भाषिक नाही.

२

प्रथम मूलभूत संज्ञांचा विचार करू. वैद्यकाच्या दृष्टीने ‘संसर्ग’ म्हणजे रोगकारक सूक्ष्मजीवाचा शरीरात प्रवेश आणि तेथे त्याची वाढ. ‘रोग’ ही त्याची एक संभाव्य परिणती. ती अटळ नसते. क्षयाचे जंतू शरीरात असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही क्षय होत नाही. संसर्गापासून लक्षणे प्रकट होईपर्यंतच्या अवधीला आपल्याकडे ‘अधिशयन काळ’ म्हणतात. अंड्यांवर बसून ती उबवण्याची कल्पना या संज्ञेमागे आहे. तसेच प्रत्येक संसर्ग सांसर्गिक असतोच असे नाही. धनुर्वात जंतूंमुळे होतो, पण एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. हिवताप डासामार्फत पसरतो, पटकी दूषित पाण्यावाटे, प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमार्फत; मात्र प्लेग फुप्फुसांत उतरला की श्वासावाटेही पसरतो. म्हणजे ‘पसरणे’ या एका क्रियापदाखाली अनेक भिन्न व्यापार एकत्र बांधलेले आहेत आणि त्यांपैकी काहींतच माणूस माणसाच्या समोर उभा असतो.

आता या व्यापारांसाठी बोली मराठी कोणते शब्द वापरते ते पाहावे. ‘साथ’ हा शब्द ‘सार्थ’, म्हणजे प्रवाशांचा तांडा, या संस्कृत शब्दापासून आलेला मानला जातो. रोगाची साथ येते, पसरते आणि ओसरते. गाण्याला साथ करतात, संकटात साथ देतात. ‘लागण’ रोगाचीही होते आणि उसाचीही करतात. ‘लागणे’ हे क्रियापद तर आपल्या भाषेतील सर्वांत व्यापक क्रियापदांपैकी एक : तहान लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, लळा लागतो. या सर्व शब्दप्रयोगांत दोन वैशिष्ट्ये समान आहेत. एक, रोगाकडे ते वस्तू म्हणून न पाहता संबंध म्हणून पाहतात. दोन, त्यांच्या व्याकरणात माणूस कर्त्याच्या स्थानी येत नाही. ‘मला सर्दी झाली’, ‘पोराला गोवर निघाला’, ‘गावाला पटकी लागली’ या वाक्यांत कर्ता रोग आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. तो भोगणारा आहे, करणारा नाही.

अर्थात लोकभाषा निष्पाप होती असा निष्कर्ष यातून काढणे भाबडेपणाचे ठरेल. ‘महारोग’ हा शब्द याच भाषेने घडविला आणि त्या एका शब्दाने कित्येक पिढ्यांना गावकुसाबाहेर घालविले. वस्तुतः कुष्ठरोग हा अत्यंत मंदगतीने आणि दीर्घ निकट सहवासातूनच पसरणारा रोग आहे. बहुतेक माणसांना त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. हान्सेनने त्याचा जंतू १८७३ मध्ये दाखविला, बहुविध औषधोपचार १९८२ पासून शिफारशीत आला, तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांत होते. ते वगळण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. रोगाची सांसर्गिकता आणि त्याच्या नावाची सांसर्गिकता यांचे प्रमाण किती व्यस्त असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

३

‘माझ्यामुळे कप फुटला’, ‘माझ्याकडून कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’ ही तीन वाक्ये घेऊ. घटना एकच आहे. फुटलेला कप तिन्ही वाक्यांत सारखाच फुटलेला आहे. परंतु मराठी भाषकाला यांतील नैतिक अंतर शिकवावे लागत नाही. ‘मुळे’ हे अव्यय केवळ कारणसंबंध सांगते : मी दारात उभा होतो, कोणी दचकले, कप फुटला. ‘कडून’ मध्ये माझा हात आहे, पण माझा हेतू नाही. तिसऱ्या वाक्यात मी पूर्णार्थाने कर्ता आहे. तृतीय पुरुषात हेच कर्तृत्व ‘ने’ या प्रत्ययाने येते : त्याने कप फोडला. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत कारणत्व, अनवधानाने घडलेले कृत्य आणि हेतुपूर्वक केलेले कृत्य असा जो भेद पानेच्या पाने खर्चून केला जातो, तो आपली भाषा स्वयंपाकघरात रोज करते.

रोगप्रसाराच्या संदर्भात हाच भेद निर्णायक ठरतो. ‘त्याच्यामुळे आईला लागण झाली’, ‘त्याच्याकडून आईला लागण झाली’, ‘त्याने आईला बाधित केले’ या तीन विधानांना आधारभूत असणारी जंतुशास्त्रीय वस्तुस्थिती तंतोतंत एक असू शकते. जंतूचा प्रवास तिन्ही ठिकाणी तोच आहे. बदलते ते एवढेच की, पहिल्या वाक्यात तो साखळीतील दुवा आहे, दुसऱ्यात तो उगम आहे आणि तिसऱ्यात आरोपी. ‘बाधित करणे’ हे क्रियापद २०२० मध्ये आपल्या वृत्तपत्रांनी आणि दैनंदिन निवेदनांनी इतक्या सहजपणे स्वीकारले की ते सकर्मक आहे, त्याला कर्ता लागतो आणि तो कर्ता माणूस झालेला आहे, इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ‘बाधा’ हा शब्द त्यापूर्वी भूतबाधेत होता, विषबाधेत होता. तेथे बाधा होत असे, कोणी ती ‘करीत’ असल्याचा आरोप झालाच तर तो चेटुकाचा आरोप असे. ही स्मृती शब्दातून पुसली जात नाही.

या तीन रूपांखेरीज मराठीत आणखी एक रचना आहे. नैतिक विचारासाठी ती कदाचित सर्वांत महत्त्वाची असावी. व्याकरणकार ज्याला शक्य क्रियापद म्हणतात त्याची ही रचना : ‘त्याच्याने चालवत नाही’, ‘आईच्याने आता डोंगर चढवतो’. हा ‘च्याने’ कर्तृत्वाची नव्हे, सामर्थ्याची चौकशी करतो. एखाद्याने रोग पसरविला असे म्हणण्यापूर्वी त्याच्याने तो थोपविणे शक्य होते काय, हा प्रश्न विचारावा लागतो. ‘घरीच थांबा’ हे विधान धारावीतील एका खोलीत सहा-सात माणसांसह राहणाऱ्या आणि सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या कुटुंबाला जेव्हा उद्देशून केले जाते, तेव्हा त्याचा आज्ञार्थ ‘च्याने’ या प्रश्नाला वळसा घालून पुढे गेलेला असतो. आज्ञा पाळली गेली नाही की मग थेट ‘ने’ लावता येतो.

दोष लावण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात असे म्हणता येईल. आपण रोग पसरवू शकतो याचे ज्ञान असले पाहिजे, वेगळे वागण्याची निवड उपलब्ध असली पाहिजे आणि ती निवड अमलात आणण्याचे सामर्थ्य असले पाहिजे. लक्षणविरहित माणसाच्या बाबतीत पहिली अट पुरी होत नाही, रोजंदारीवरील माणसाच्या बाबतीत दुसरी आणि एका खोलीतील माणसाच्या बाबतीत तिसरी. संसर्गाचे व्याकरण म्हणूनच बहुतेक वेळा ‘मुळे’चे आणि ‘कडून’चे व्याकरण असते. ‘ने’ हा प्रत्यय तेथे सिद्ध करावा लागतो. तो गृहीत धरता येत नाही.

४

‘वाहक’ या संज्ञेचा येथे स्वतंत्र विचार केला पाहिजे. मराठीत डासही रोगवाहक असतो आणि ज्याच्या शरीरात लक्षणांविना जंतू राहतात तो माणूसही रोगवाहकच असतो. जंतुशास्त्र या दोहोंसाठी वेगळ्या संज्ञा योजते, आपण एकच योजतो. परिणामी डासाच्या बाबतीत जी भाषा उचित आहे, म्हणजे शोधणे, फवारणे, निर्मूलन करणे, ती भाषा माणसाकडे सरकण्यास वाट मोकळी होते. हा केवळ तार्किक संभव नव्हे. २०२० च्या मार्चअखेरीस उत्तर प्रदेशात बरेली येथे शहरांतून परतलेल्या स्थलांतरित मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. त्या दृश्याची क्रूरता कोणा एका अधिकाऱ्याच्या स्वभावाने पुरती समजत नाही. ज्या भाषेत माणूस आणि पृष्ठभाग यांच्यातील सीमा आधीच पुसट झालेली होती, त्या भाषेची ती कृती होती.

वाहकाच्या इतिहासात मेरी मॅलन ही आयर्लंडमध्ये जन्मलेली आणि न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण म्हणून काम करणारी स्त्री अटळपणे येते. तिला विषमज्वर झाल्याची कोणतीही लक्षणे नव्हती, पण तिच्याकडून अनेकांना तो झाला. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर ठेवण्यात आले, पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये सोडण्यात आले आणि १९१५ मध्ये ती दुसऱ्या नावाने एका रुग्णालयात स्वयंपाक करताना आढळल्यावर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच बेटावर ठेवण्यात आले. या कथेचा १९०७ पूर्वीचा भाग निःसंशय ‘कडून’चा आहे. १९१० नंतरच्या भागात मात्र ‘ने’ उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, कारण आता तिला सांगण्यात आलेले होते. तरीही आपण निरोगी असताना रोग कसा देऊ, हे तिला अखेरपर्यंत पटले नव्हते आणि स्वयंपाकाइतका पैसा देणारे दुसरे काम तिच्यापाशी नव्हते, या दोन गोष्टी निवाड्यात धराव्याच लागतात. इतिहासाने मात्र निवाड्याची गरजच ठेवली नाही. रोगाचे नाव तिच्या नावाला जोडून एक विशेषनाम तयार केले आणि पुढे ते सामान्यनाम झाले. घटनेचे व्यक्तीत आणि व्यक्तीचे प्रकारात रूपांतर होण्याची ही प्रक्रिया आहे.

दुसरे उदाहरण एका अक्षराचे आहे. एड्सच्या प्रारंभीच्या काळात अमेरिकेतील चाळीस रुग्णांच्या परस्परसंबंधांचा आलेख १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका रुग्णाला कॅलिफोर्नियाबाहेरचा म्हणून ‘ओ’ हे इंग्रजी आद्याक्षर दिलेले होते. ते अक्षर शून्य म्हणून वाचले गेले आणि ‘शून्यवा रुग्ण’, म्हणजे साथीचा आदिकर्ता, ही कल्पना जन्माला आली. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो विषाणू त्या माणसाच्या कितीतरी आधीपासून, १९७० च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये होता असे दाखवून दिले. तोवर तो माणूस मरून तीन दशके लोटली होती. एका अक्षराचा अंक होतो आणि त्या अंकातून उगमाची, आदिपापाची संपूर्ण कथा उभी राहते. संहितेचे चुकीचे वाचन किती दूरवर जाऊ शकते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना यापेक्षा वेगळे सांगावयास नको.

५

आपल्या समाजात या प्रक्रियेला आणखी एक परिमाण आहे. ‘स्पर्शातून काहीतरी पसरते’ ही कल्पना आपल्याला जंतुशास्त्राने शिकविली नाही. ती आपल्याकडे फार आधीपासून होती, तिचे नाव ‘विटाळ’. ‘मला सर्दी झाली’ आणि ‘मला त्याचा विटाळ झाला’ या वाक्यांची रचना वरकरणी एकच दिसते. फरक आहे तो ‘त्याचा’ या षष्ठीचा. सर्दी त्याची नसते. ती त्याला झालेली असते. विटाळ मात्र ‘त्याचा’ असतो, कारण तो त्याच्या जन्माचा धर्म मानलेला असतो. संसर्ग ही घटना आहे, विटाळ हे कल्पित सत्त्व आहे. संसर्ग दोन्ही दिशांनी जातो, विटाळ एकाच दिशेने. संसर्ग ओसरतो, विटाळ वारशाने चालतो.

या दोन व्यवस्था एकमेकींपासून किती भिन्न आहेत हे महाडने दाखवून दिले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी प्यायल्यानंतर ते तळे शेण, गोमूत्र इत्यादींनी ‘शुद्ध’ करण्यात आले. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने जी कृती पाणी दूषित करणारी होती, तीच विटाळाच्या शास्त्रात पाणी शुद्ध करणारी ठरली. ‘दूषित’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ येथे समोरासमोर उभे राहतात आणि परस्परांना पूर्णतः छेदतात. पटकीच्या जंतूंना जात नसते, हे तोपर्यंत चार दशकांहून अधिक काळ ज्ञात होते.

म्हणूनच संसर्गाच्या परिभाषेत षष्ठी शिरू लागली की सावध व्हावे लागते. १९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाला स्पेनचे नाव मिळाले, ते तो तेथे उद्भवला म्हणून नव्हे; महायुद्धात तटस्थ असलेल्या त्या देशातील वृत्तपत्रे तो मोकळेपणाने छापू शकत होती म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या रोगांना स्थळांची, व्यक्तींची वा समूहांची नावे देऊ नयेत असे संकेत ठरविले, त्यामागे हाच अनुभव होता. तरीही २०२० मध्ये आपल्याकडे साथीला एका धर्मसमूहाची षष्ठी लावण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलिगी जमातीच्या कार्यक्रमास आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याची शक्यता नोंदविली. तोवर वस्त्यावस्त्यांतून फिरणाऱ्या भाजीवाल्यांना त्यांची नावे विचारली जाऊन गेली होती. संसर्गाने विटाळाची रचना धारण केली होती.

‘सामाजिक अंतर’ या संज्ञेचेही असेच झाले. जेथे सामाजिक अंतर हे हजारो वर्षांचे दुखणे आहे त्या समाजात ते औषध म्हणून सांगितले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ ही संज्ञा स्वीकारली होती, पण रूढ झाली ती पहिलीच. दोहोंतील अंतर मोजायचे असेल तर ते पट्टीने मोजता येणार नाही.

६

दोष कोणत्या दिशेने वाहतो, हा यापुढचा प्रश्न. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंस’ हे प्रकरण आहे. प्रकृती भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, असा प्रश्न तेथे उपस्थित केलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल या सर्वांना समान असणाऱ्या गोष्टी बिघडतात म्हणून, असे उत्तर दिलेले आहे. त्या बिघाडाचे मूळ अधर्मात सांगितले आहे. येथपर्यंत आपण नाक मुरडू शकतो. परंतु हा अधर्म सुरू कोठून होतो, तर देशाच्या आणि नगराच्या प्रमुखांपासून. तो नंतर खाली उतरत जातो, असे संहिता सांगते. जंतूंविषयी अनभिज्ञ असलेल्या या ग्रंथाला एवढे कळले होते की जे सर्वांचे आहे, म्हणजे हवा आणि पाणी, त्याच्या बिघाडाची चौकशी वरून खाली करावी लागते.

याच्या तुलनेत ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग अधिनियम पाहावा. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघड झाल्यानंतर तो घाईने करण्यात आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात ‘धोकादायक साथरोग’ म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती. आज्ञा मोडणारा नागरिक गुन्हेगार ठरेल अशी तरतूद होती आणि आज्ञा अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण होते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर, नागरिकाला ‘ने’ आणि शासनाला ‘मुळे’ बहाल करणारा हा कायदा होता. पुण्यातील घरझडत्या, रँडची कारकीर्द आणि २२ जून १८९७ चे चापेकरांचे कृत्य हा इतिहास सर्वपरिचित आहे. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला आणि त्या वर्षी त्यात दुरुस्तीही झाली, मात्र ही मूळची दिशा तीच राहिली.

परिभाषेने दिशा कशी ठरते याचे सर्वांत अलीकडचे उदाहरण हवेचे आहे. रोग श्वासावाटे पसरतो हे मान्य करूनही शास्त्रज्ञांत एक भेद दीर्घकाळ रूढ होता : जड थेंब जवळच खाली पडतात, सूक्ष्म कण हवेत तरंगतात, आणि ‘हवेतून पसरणारा’ हे विशेषण दुसऱ्या प्रकारासाठीच राखून ठेवायचे. या भेदाचा पाया विल्यम वेल्स यांनी १९३० च्या दशकात घातला. पुढे पाच मायक्रॉन ही सीमारेषा त्यात घट्ट बसली. या व्याख्येच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी कोव्हिड हवेतून पसरत नाही, असे ठामपणे जाहीर केले. तरंगणाऱ्या कणांचे पुरावे पुढे वाढत गेले आणि अखेरीस एप्रिल २०२४ मध्ये, दीर्घ विचारविनिमयानंतर, संघटनेने नवी परिभाषा प्रसिद्ध केली. तीत थेंब आणि तुषार ही जुनी विभागणी बाजूला सारून आकारमानाची सलग श्रेणी आणि ‘हवेमार्फत प्रसार’ ही व्यापक संज्ञा मान्य करण्यात आली.

हा शब्दच्छल वाटेल, पण तो तसा नाही. रोग थेंबांनी पसरतो असे म्हटले की कर्तव्य व्यक्तीवर येते : हात धुवा, अंतर राखा, खोकताना तोंड झाका. रोग हवेतून पसरतो असे म्हटले की कर्तव्य इमारतीवर, मालकावर, शाळेवर, शासनावर येते : खिडक्या कोठे आहेत, हवा तासाला किती वेळा बदलते, कामगारांना कोणत्या प्रतीचा मुखपट्टा दिला आहे. हात प्रत्येकाचा स्वतःचा असतो, हवा सर्वांची असते. एका विशेषणाच्या स्वीकार-नकारावर उत्तरदायित्व कोणाचे हे अवलंबून होते आणि ते विशेषण चार वर्षे अडून राहिले. वायू आणि उदक यांच्यापाशी दोषाची चौकशी सुरू करणारी जुनी संहिता या एका मुद्द्यावर आपल्यापेक्षा फार मागे नव्हती.

७

येथे एक आक्षेप संभवतो. ‘ने’ हा प्रत्यय इतका दुर्लभ केला तर कोणावरच जबाबदारी राहणार नाही; जो तो ‘माझ्याकडून झाले’ असे म्हणून मोकळा होईल. आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी दोष आणि जबाबदारी यांत भेद करावा लागतो. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे. कोणाकडून कोणाला झाले या साखळीचा शोध साथरोगशास्त्राला आवश्यक आहे, पण तो शोध पुढच्या माणसाला वाचविण्यासाठी आहे, मागच्याला शिक्षा देण्यासाठी नव्हे. हे दोन हेतू एकत्र झाले की पहिलाही फसतो, कारण आरोपी होण्याच्या भीतीने माणसे आजार लपवितात. एचआयव्हीच्या संदर्भात हे जगाने पुरेशी किंमत देऊन शिकून घेतले. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने भेदभावाला प्रतिबंध आणि माहितीच्या गोपनीयतेला संरक्षण दिले, त्यामागे निव्वळ करुणा नव्हती, हा अनुभवही होता.

आल्बेर कामूच्या ‘ला पेस्त’ (१९४७) मध्ये तारू या पात्राच्या मुखी जो विचार आहे तो या दृष्टीने पुन्हा वाचावासा वाटतो. प्लेग प्रत्येकाच्या आत आहे, म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर आपला श्वास जाऊ नये यासाठी अखंड दक्ष राहिले पाहिजे, अशा आशयाचे तो बोलतो. येथे अपराधाची वाटणी नाही, दक्षतेची आहे. सर्वच वाहक असतील तर ‘वाहक’ हे दूषण उरत नाही, ते कर्तव्याचे नाव होते. याउलट अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ (१९६५) मध्ये नारणप्पाच्या प्रेताला अग्नी कोणी द्यायचा, या पेचात अग्रहार अडकून पडतो आणि दरम्यान उंदीर मरत राहतात, गिधाडे छपरांवर उतरतात. मृताने किती पाप केले याचा काथ्याकूट करणाऱ्यांना समोरच्या उंदराचा अर्थ लागत नाही. दोषाच्या शोधाने तेथे जिवंतांविषयीच्या जबाबदारीचा घास घेतलेला आहे. कादंबरीचे मर्म अनेक अंगांनी सांगितले गेले आहे. हेही त्याचे एक अंग मानावे.

आणि ‘ने’ या प्रत्ययाचा एक निःशंक उपयोग उरतोच. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी आजारी मुलाला स्वतः उचलून मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात नेले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्यांना ज्ञान होते, निवड होती, सामर्थ्य होते. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. त्या मुलामुळे त्यांना प्लेग झाला असे म्हणता येईल, त्याच्याकडून झाला असेही म्हणता येईल. त्याने त्यांना प्लेग दिला, असे मात्र कोणाच्या मनातही येणार नाही. हे मनात न येणे हा या प्रसंगापुरता आपला सद्‌गुण आहे. अनोळखी, परधर्मीय, परप्रांतीय माणसाच्या बाबतीत तो आपल्याला का साधत नाही, हा प्रश्न आपण टाळू शकत नाही.

साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकाला लस शोधता येत नाही की प्रसाराची साखळी तोडता येत नाही. परंतु पुढची साथ येईल तेव्हा पहिल्या निवेदनापासून, पहिल्या बातमीपासून तिची वाक्यरचना तपासणे त्याच्या आवाक्यात आहे : कर्ता कोण आहे, षष्ठी कोणाला लागली आहे, ‘च्याने’ हा प्रश्न कोठे गाळला गेला आहे. विभक्तीची चिकित्सा हे क्षुल्लक काम आहे असे वाटत असेल, तर ज्यांना नाव विचारून दारातून परत पाठविण्यात आले त्या भाजीवाल्यांचे स्मरण करावे. त्यांच्याविरुद्ध जंतुशास्त्रीय पुरावा कोणताच नव्हता. त्यांना परत पाठविले ते एका षष्ठीने.